ब्लूजे : शाळेच्या लॅबमधील अर्धेच वापरले जाणारे साधन

आयसीएसई अभ्यासक्रमात नववीला ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट्स’मधून प्रोग्रॅम उभा करण्याच्या पद्धतीची) चार तत्त्वे शिकावी लागतात: ॲब्स्ट्रॅक्शन (अनावश्यक तपशील बाजूला ठेवणे), एन्कॅप्सुलेशन (ऑब्जेक्टमधील माहितीला बाहेरून थेट हात लावू न देणे), इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याकडे येणे) आणि पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या प्रकारे उत्तर देणे). त्यांच्या व्याख्या वहीत उतरवून तो लॅबमध्ये जातो, तेव्हा जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला पहिला प्रोग्रॅम लिहिण्यासाठी त्याच्यासमोर बहुधा ब्लूजे हे सॉफ्टवेअर उघडलेले असते. शाळांमध्ये हे नाव इतके रुळले आहे की पुष्कळ मुलांना जावा आणि ब्लूजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच उशिरा कळते. वहीतल्या त्या व्याख्या समजावून देण्याच्या कामी हे साधन कितपत उपयोगी पडते, हे तपासण्यासाठी हे परीक्षण लिहिले आहे.

ब्लूजेची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली. त्याआधी मायकेल कोलिंग यांनी सिडनी विद्यापीठात जॉन रोझेनबर्ग यांच्यासह ‘ब्लू’ नावाची शिकवण्यापुरतीची भाषा आणि तिच्यात प्रोग्रॅम लिहून चालवण्याचे सॉफ्टवेअर तयार केले होते. तीच कल्पना पुढे मोनॅश विद्यापीठात जावासाठी राबवण्यात आली. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, २००९ पासून मुक्त स्रोत आहे आणि ते मुळातच नवशिक्यांसाठी घडवलेले आहे, व्यावसायिक कामाच्या साधनातून काटछाट करून काढलेले नाही. त्यामुळे त्याच्या उणिवा मोजतानाही शिकणारा विद्यार्थीच डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

प्रोजेक्ट उघडताच आपल्याला कोड दिसत नाही, क्लासची, म्हणजे ज्यावरून ऑब्जेक्ट्स घडतात त्या आराखड्यांची, आकृती दिसते. प्रत्येक क्लास एक चौकोन, आणि त्यांच्यातील संबंध बाणांनी दाखवलेले. समजा, वाचनालयाच्या सभासदाचा एक क्लास लिहिला आहे आणि त्यात नाव, अनामत रक्कम आणि घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या अशी फील्ड्स आहेत. या चौकोनावर उजवी कळ दाबली की यादीत त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर (नवे ऑब्जेक्ट तयार करणारा भाग) दिसतो. तो निवडला, विचारलेली माहिती भरली की खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, जिला ऑब्जेक्ट बेंच म्हणतात, लाल रंगाचा एक गोलसर ठोकळा येऊन बसतो. हेच पुन्हा केले की दुसरा ठोकळा येतो. वर चौकोन एकच, खाली सभासद दोन. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक सांगण्यासाठी पाठ्यपुस्तके आराखडा आणि घर यांचे उदाहरण देतात, ते चुकीचे नाही. पण कोणतेही उदाहरण न देता, जावातली खरी वस्तू मेमरीत तयार करून तिच्याशी लगेच बोलता यावे, ही सोय त्याहून कितीतरी मोलाची आहे. त्यासाठी मेन मेथड (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो भाग) लिहावी लागत नाही, आणि पहिल्याच दिवशी ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड’ हे शब्द अर्थ न कळता घोकावेही लागत नाहीत.

ही कल्पना ब्लूजेच्या कर्त्यांनी शून्यातून काढलेली नाही. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात ऑस्लोमध्ये सिम्युला ही भाषा घडवली ती प्रत्यक्ष व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर चालवून पाहता यावी म्हणून, आणि क्लास व ऑब्जेक्ट या संकल्पना त्या गरजेतून आल्या. पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉकमध्ये चालू असलेल्या ऑब्जेक्टचे अंतरंग उघडून पाहण्याची सोय केली. जावा ज्या पद्धतीने बहुतेक ठिकाणी शिकवली जाते, तीत हा जिवंतपणा हरवतो. ब्लूजेने तो परत आणला आहे.

बेंचवरच्या ठोकळ्यावर दोनदा क्लिक केले की इन्स्पेक्टरची खिडकी उघडते आणि त्या ऑब्जेक्टची सर्व फील्ड्स त्या क्षणीच्या किमतींसह दिसतात. ही खिडकी उघडी ठेवून ‘पुस्तक दे’ ही मेथड (क्लासमध्ये लिहिलेली कृती) चालवली की त्या सभासदाकडील पुस्तकांची संख्या शून्यावरून एकवर जाते, दुसऱ्या सभासदाची मात्र शून्यच राहते. प्रत्येक ऑब्जेक्टची स्थिती स्वतंत्र असते, हे वाक्य मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. स्टॅटिक फील्ड्स पाहण्यासाठी त्याच खिडकीत वेगळे बटण आहे. एकूण सभासदांची संख्या तिथे ठेवली, तर ती कोणा एका सभासदाची नसून संपूर्ण क्लासची आहे हे कळते.

एन्कॅप्सुलेशनच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. इन्स्पेक्टर प्रायव्हेट फील्ड्सही दाखवतो, त्यामुळे ‘मग लपवले काय?’ असा प्रश्न चौकस विद्यार्थी हमखास विचारतो. याचे उत्तर ब्लूजेमध्येच मिळते. इन्स्पेक्टरमध्ये किंमत फक्त वाचता येते, बदलता येत नाही. आणि एकेक ओळ लिहून लगेच चालवून पाहण्यासाठी असलेल्या कोडपॅडमध्ये त्या फील्डला थेट हात लावू पाहिले, तर कंपायलर (कोड तपासून तो चालवण्याजोग्या रूपात आणणारा प्रोग्रॅम) ते प्रायव्हेट असल्याचे सांगून अडवतो. एका वेळी दोनच पुस्तके न्यायची हा नियम मेथडमध्ये लिहिला असेल, तर तो चुकवून तिसरे पुस्तक सभासदाच्या नावावर चढवण्याची वाट बाहेरच्या कोडला उरत नाही. प्रायव्हेट या शब्दाचा उपयोग गुप्तता राखण्यासाठी नसून ऑब्जेक्टची स्थिती नियमाबाहेर जाऊ नये यासाठी आहे, हे या प्रयोगातून जितके स्पष्ट होते तितके ते व्याख्येतून होत नाही.

इनहेरिटन्सही आकृतीत छान उतरते. बालसभासद हा क्लास सभासदाचा विस्तार म्हणून लिहिला की बाण आपोआप काढला जातो. बेंचवरील बालसभासदाची यादी उघडली तर वरच्या क्लासकडून आलेल्या मेथड्स वेगळ्या उपयादीत असतात, आणि ज्या मेथड्स खाली नव्याने लिहिल्या आहेत त्यांच्यापुढे तशी नोंद असते. ॲब्स्ट्रॅक्ट क्लासच्या यादीत कन्स्ट्रक्टर दिसतच नाही. ‘याचे ऑब्जेक्ट का करता येत नाही?’ हा प्रश्न तिथूनच सुरू करता येतो.

पॉलिमॉर्फिझमपाशी मात्र हे साधन लंगडते. या तत्त्वाचे मर्म असे, की व्हेरिएबल (ज्या नावाने ऑब्जेक्ट हाताळतो ते) सभासद या प्रकारचे असले तरी त्यातील ऑब्जेक्ट बालसभासद असेल, तर ‘दंड मोज’ म्हटल्यावर बालसभासदाचीच मेथड चालते. बेंचवरील ठोकळ्यावर ऑब्जेक्टचा खरा प्रकारच लिहिलेला असतो, त्यामुळे व्हेरिएबलचा प्रकार आणि ऑब्जेक्टचा प्रकार यांतला ताण, ज्यावर हे सारे उभे आहे, तो तिथे दिसत नाही. कोडपॅडमध्ये दोन ओळी लिहून तो दाखवता येतो. पण ते शिक्षकाला सुचावे लागते, साधन आपणहून तिकडे नेत नाही.

आणखी एक खोट याहून सूक्ष्म आहे. इन्स्पेक्टरमधून एखाद्या फील्डमधील ऑब्जेक्ट बेंचवर आणता येते, आणि ते आधीच बेंचवर असले तरी दुसऱ्या नावाने दुसरा ठोकळा येतो. ऑब्जेक्ट एकच, ठोकळे दोन. बेंचवर मुळात रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टकडे नेणारे दुवे, ठेवलेले असतात, हे न सांगितल्यास विद्यार्थी त्यांना दोन सभासद समजेल. शिवाय क्लासमध्ये बदल करून तो पुन्हा कंपाइल केला की बेंच रिकामी होते. यामागचे तांत्रिक कारण रास्त आहे, पण पाचसहा ऑब्जेक्ट्स मांडून ठेवलेल्या मुलाचा हिरमोड होतो.

खरी खंत साधनाबद्दल नाही, ते वापरण्याच्या रीतीबद्दल आहे. नवा क्लास तयार केला की ब्लूजे त्यात नमुन्यादाखल एक फील्ड, एक कन्स्ट्रक्टर आणि एक मेथड लिहून देते. मी पाहिलेल्या लॅबमध्ये मुले हा सगळा मजकूर एकदम निवडून पुसून टाकतात, त्या जागी मेन मेथड लिहितात आणि मूळसंख्या किंवा ताऱ्यांचे त्रिकोण छापणारा प्रोग्रॅम तिच्यात कोंबतात. बेंचकडे वर्षभर कोणाचे लक्ष जात नाही. परीक्षेत अशाच प्रोग्रॅमना गुण मिळत असतील तर मुलांना दोष देता येणार नाही. पण मग ब्लूजे आणि नोटपॅड यांत फरक उरतो तो ब्लॉकनुसार रंगवलेल्या पार्श्वभूमीचा. (हे रंग महिरपी कंस जुळवण्यात फार मदत करतात, हेही नमूद केले पाहिजे.)

विंडोजवरील इन्स्टॉलरमध्ये जावाचे जेडीके (जावा प्रोग्रॅम तयार करून चालवण्याचा संच) सोबतच येत असल्याने ते कुठे आहे हे संगणकाला सांगणारा पाथ वगैरे ठरवत बसण्याची कटकट नाही. पहिल्यांदा सुरू करताना वापराची माहिती संशोधनासाठी निनावीपणे पाठवण्याची परवानगी विचारली जाते. ती नाकारली तरी काही अडत नाही, आणि शाळेने हा निर्णय मुलांवर न सोडता स्वतः घ्यावा हे बरे. डीबगर (चुका शोधण्यासाठी प्रोग्रॅम एकेक पायरी चालवून पाहण्याचे साधन) साधा पण पुरेसा आहे. पंधरावीस क्लासपुढे प्रोजेक्ट गेले की आकृतीतील बाणांचे जाळे होते, आणि तेव्हा एक्लिप्स किंवा इंटेलिजे या व्यावसायिक साधनांकडे वळावे. त्यासाठी काही रूपांतर करावे लागत नाही: प्रोजेक्टच्या फोल्डरमधील जावा फाइल्स साध्या मजकुराच्या असतात, त्या तशाच उचलून न्याव्यात आणि सोबतच्या ब्लूजेच्या स्वतःच्या फाइल्स तिथेच सोडाव्यात.