मास्टर क्रोनोमीटर: सात महिन्यांच्या नोंदी

ओमेगा सीमास्टर डायव्हर ३००एम हे मास्टर क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळालेलं मनगटी घड्याळ हातात बांधून सात महिने झाले. रोज सकाळी फोनच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहितोय.

आधीचं घड्याळही स्विसच होतं आणि त्याच्याकडे सीओएससी या स्विस तपासणी संस्थेचं क्रोनोमीटर, म्हणजे अचूक चालीचं, प्रमाणपत्रही होतं. पण मी रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो, दिवसभर स्पीकरच्या शेजारी. एके दिवशी ते दिवसाला चाळीस सेकंद पुढे पळायला लागलं. घड्याळजींनी होकायंत्र जवळ धरलं तर सुई थरथरली. चुंबकामुळे हेअरस्प्रिंगची, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटली होती. स्प्रिंग जणू आखूड झाली, म्हणून घड्याळ पळत होतं. पाच मिनिटांत त्यांनी चुंबकत्व उतरवलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच!

तेव्हा पहिल्यांदा मी प्रमाणपत्र नीट समजून घेतलं. सीओएससीमध्ये मशीन १५ दिवस पाच स्थितींत आणि ८, २३, ३८ अंश सेल्सिअसला तपासतात. रोजचा सरासरी फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसला पाहिजे. परीक्षा कडक आहे, पण ती केसमध्ये न बसवलेल्या नुसत्या मशीनची. तिच्या सात निकषांत चुंबक येतच नाही. दुकानात मला ‘स्विस मेड म्हणजे सर्टिफाइडच’ असं सांगितलं होतं, ते साफ चुकीचं. स्विस मेड हा शिक्का घड्याळ कुठे बनलं ते सांगतो. अचूकतेबद्दल त्यात काही नाही.

मास्टर क्रोनोमीटरला आधी सीओएससी पास व्हावं लागतं. मग मेटास या स्वित्झर्लंडच्या सरकारी मापन संस्थेने ठरवलेल्या आठ चाचण्या, त्याही पूर्ण जोडलेल्या घड्याळावर. त्यात १५,००० गॉसचं चुंबकीय क्षेत्र येतं, म्हणजे दीड टेस्ला. रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआय यंत्राइतकं. सहा स्थितींतला फरक आणि पाण्याची चाचणीही त्यातच. शिवाय चावी पूर्ण असताना आणि एक तृतीयांश उरली असताना चालीत किती फरक पडतो, तेही बघतात. मला ही चाचणी सर्वांत मोलाची वाटते, कारण शनिवार-रविवार माझं घड्याळ कपाटात पडून असतं आणि सोमवारी सकाळी तेच बांधून मी निघतो.

मर्यादा आहे दिवसाला शून्य ते अधिक ५ सेकंद. माझ्या वहीत सरासरी अडीच सेकंद पुढे, आणि एकही दिवस मागे पडल्याचा नाही. हे फार सोयीचं आहे. पुढे गेलेलं घड्याळ चावी ओढून थांबवायचं आणि खरी वेळ गाठली की सोडायचं. महिन्यातून एकदा एवढंच करतो. स्पीकरजवळ रोज असूनही चाल बदललेली नाही. हेअरस्प्रिंगच सिलिकॉनची आहे, तिला चुंबक लागत नाही.

नाराजी किमतीबद्दल आहे, आणि सर्व्हिसिंगच्या खर्चाबद्दलही. प्रमाणपत्र घड्याळ कारखान्यातून निघतानाच्या चालीचं असतं. पाच-सात वर्षांनी तेल सुकल्यावर ते कसं चालेल, याची हमी त्यात नाही. म्हणून वही चालूच ठेवणार आहे. रात्री तबकडी वर करून ठेवलं तर तीन सेकंद पुढे, चावी खाली करून उभं ठेवलं तर एकच. सध्या उभंच ठेवतोय.