फुटबॉल मॅनेजर २०२४ : लीग टूचा क्लब, घानाचा मिडफिल्डर आणि वर्क परमिटची भिंत

फुटबॉल मॅनेजर म्हणजे फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक होऊन खेळायचा संगणकीय गेम. या गेमची बहुतेक परीक्षणं मँचेस्टर सिटी नाहीतर रेआल माद्रिद हाताशी घेऊन लिहिलेली असतात. तिथे पैसा मुबलक, त्यामुळे गेमची अर्धी यंत्रणा कधी उघडावीच लागत नाही. स्पोर्ट्‌स इंटरॅक्टिव्हने बनवलेल्या आणि सेगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणलेल्या या आवृत्तीचा कस खालच्या लीगमध्ये लागतो. म्हणून इथे तपासायला एकच काम घेतलं आहे. इंग्लंडच्या चौथ्या स्तरावरचा, म्हणजे लीग टूमधला क्लब घ्यायचा, त्यात घानाचा एक सेंट्रल मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत मध्यभागी खेळणारा, आणायचा आणि त्याची कारकीर्द उभी करायची. निकाल आधीच सांगायचा तर गेमची कागदपत्रांची बाजू अव्वल आहे, मैदानाची बाजू मात्र जेमतेम.

पहिली चूक सेव्ह (म्हणजे आपला साठवलेला डाव) सुरू होण्याआधीच होते. इंग्लंडच्या लीग सहाव्या स्तरापर्यंत, म्हणजे नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथपर्यंत, खेळता येतात. आफ्रिकेतली मात्र फक्त दक्षिण आफ्रिकेची लीग खेळण्याजोगी आहे. घानाची प्रीमियर लीग यादीत नाही. त्यामुळे नुसतं इंग्लंड निवडून मध्यम डेटाबेस घेतला, तर अक्रा किंवा कुमासीतले बरेच खेळाडू त्या सेव्हमध्ये तयारच होत नाहीत. नंतर शोध लावला की मोजकी नावं येतात आणि लोक स्काउटला शिव्या घालतात. उपाय सोपा आहे. सुरुवातीच्या सेटअपमध्ये डेटाबेसच्या प्रगत पर्यायांत जाऊन घानाचं नागरिकत्व असलेले आणि घानात खेळणारे असे दोन्ही गट जोडायचे. त्याच पडद्यावर खेळाडूंची अंदाजे संख्या आणि वेगाचे तारे दिसतात. जुन्या लॅपटॉपवर इंग्लंडचे सगळे स्तर ठेवून बाकीच्या लीग काढून टाका, वेग सावरतो.

आता परमिट. गेमचा हा भाग इतका चांगला जमला आहे की त्यासाठी बाकीचं बरंच माफ करावं. ब्रेक्झिटनंतर परदेशी खेळाडूला इंग्लिश क्लबमध्ये यायला गुणांची परीक्षा पास व्हावी लागते आणि पासाची रेषा १५ गुणांवर आहे. गुण मिळतात ते राष्ट्रीय संघातले सामने, देशांतर्गत लीगमधली मिनिटं, खंडीय स्पर्धेतली मिनिटं, क्लबचा लीगमधला क्रमांक, खंडीय स्पर्धेतली मजल आणि लीगचा दर्जा यांवर. लीगचे सहा गट केले आहेत आणि घानाची लीग शेवटच्या, सहाव्या गटात येते. म्हणजे असांते कोटोको किंवा हार्ट्‌स ऑफ ओककडून मोसमभर प्रत्येक मिनिट खेळलेल्या मुलाच्या खात्यातही हातावर मोजण्याइतकेच गुण पडतात. राष्ट्रीय संघाच्या बळावर थेट मंजुरी मिळते, पण ती फिफा क्रमवारीत पहिल्या ५० मधल्या देशांना. २०२३ च्या अखेरीस घाना त्या रेषेच्या खाली होता. म्हणून ‘ब्लॅक स्टार्स’कडून, म्हणजे घानाच्या राष्ट्रीय संघाकडून, खेळलेला मिडफिल्डरही लीग टूच्या क्लबसाठी आपोआप पात्र ठरत नाही.

एक फट आहे. जून २०२३ पासून १५ गुण न भरणाऱ्या काही खेळाडूंसाठी राखीव जागा मिळतात. प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप या वरच्या दोन स्तरांच्या क्लबना जास्तीत जास्त चार, तर लीग वन आणि लीग टूला दोन. किती जागा पदरात पडतील हे क्लब इंग्लंडसाठी पात्र खेळाडूंना किती मिनिटं खेळवतो त्यावर ठरतं. खेळाडूसाठीही काही किमान अटी असतातच. गेममध्ये हा नियम आहे आणि तो नीट वापरला तर मजा येते. संघात देशी खेळाडूंचा गाभा ठेवायचा, जागा कमवायची आणि मग ती एकाच माणसावर खर्च करायची. इथे नवखे घसरतात ते असे: जागा राखीव गोलकीपरवर किंवा ‘पुढे चमकेल’ अशा विंगरवर घालवतात आणि जानेवारीत खरा मिडफिल्डर सापडतो तेव्हा हात रिकामे. १८ वर्षांखालच्या मुलाला परदेशातून आणायचा विचार तर सोडूनच द्या, फिफाचा नियम आडवा येतो आणि गेम तो पाळतो.

या सगळ्याचा परिणाम खऱ्या जगासारखाच निघतो. अक्राहून थेट लीग टूत येणारा मिडफिल्डर जवळजवळ दिसत नाही. घानातून निघालेला गुणी मुलगा आधी दुसरीकडे जातो. मोहम्मद कुदुस राइट टू ड्रीम अकादमीतून २०१८ मध्ये डेन्मार्कच्या नोर्शेलांडला गेला, २०२० मध्ये आयॅक्सला आणि २०२३ मध्ये वेस्ट हॅमला. म्हणजे तो इंग्लंडला पोचला तोच वरच्या दारातून. खालच्या लीगमध्ये जे घानाचे म्हणून ओळखले जातात ते बहुधा इंग्लंडमध्येच वाढलेले असतात. अल्बर्ट अडोमा लंडनच्या लॅम्बेथमध्ये जन्मला, हॅरो बरोसारख्या नॉन-लीग (वरच्या चार स्तरांखालच्या) क्लबमधून २००८ मध्ये लीग टूच्या बार्नेटला आला, २०१० मध्ये ब्रिस्टल सिटी, २०१३ मध्ये मिडल्सब्रो, २०१४ च्या वर्ल्ड कपला घानाच्या संघात आणि २०२४ मध्ये वॉल्सॉलमार्गे पुन्हा लीग टूत. तो बाजूने खेळणारा, पण वाट तीच. मधल्या फळीतलाच नमुना हवा असेल तर अक्रात जन्मलेला अब्दुल ओस्मान पाहा : ग्रेटना, नॉर्थॅम्प्टन टाउन, क्रू अलेक्झांड्रा.

तेव्हा शोधाची दिशा बदला. खेळाडू शोधाच्या पडद्यावर नागरिकत्व घाना ठेवा, दुसरं नागरिकत्वही मोजा, वय १८ ते २३, सध्याचा क्लब इंग्लंडमध्ये आणि करार येत्या ३० जूनला संपणारा. ब्रिटिश नागरिकत्व असेल तर परमिटचा प्रश्नच मिटतो. मोठ्या अकादम्या मे-जूनमध्ये मुलं सोडतात, तो हंगाम साधायचा. एक खाच लक्षात ठेवा : जुन्या क्लबने नवा करार देऊ केला असेल आणि मुलगा २४ वर्षांखालचा असेल, तर ‘फुकट’ खेळाडूसाठीही भरपाई द्यावी लागते. क्लबमध्ये एकमत झालं नाही तर लवाद आकडा ठरवतो. लीग टूच्या तिजोरीला हा आकडा झेपेलच असं नाही.

आता परमिटचे नव्हे, खेळाडूच्या कौशल्याचे गुण. मैदानी खेळाडूला १ ते २० या मोजपट्टीवर ३६ दिसणारे गुण असतात : १४ तांत्रिक, १४ मानसिक, ८ शारीरिक. लीग टूत मिडफिल्डरला पासिंग, टॅकलिंग आणि निर्णय १० च्या आसपास पुरतात. वर्क रेट आणि स्टॅमिना मात्र १३ च्या खाली नको, कारण २४ संघांच्या लीगमध्ये ४६ सामने आहेत, वर तीन कप आणि शनिवार-मंगळवारचा रगाडा. घानाचा माजी मिडफिल्डर मायकेल एसियन याची सावली अजून इतकी लांब आहे की घानाचा मिडफिल्डर म्हटला की लोक डोळे झाकून त्याला ‘बॉल विनर’, म्हणजे चेंडू हिसकावणारा, करून टाकतात. हा गेमचा दोष नाही, खेळणाऱ्यांचा आहे. फर्स्ट टच आणि पासिंग १२ असेल तर त्याला डीप लाइंग प्लेमेकर, म्हणजे मागे राहून पासने खेळ रचणारा, करून बघा. या स्तरावर चेंडू शांतपणे पुढे देणारा माणूस टॅकल करणाऱ्यापेक्षा दुर्मीळ असतो.

बॉल विनर करायचाच असेल तर दोघांच्या मधल्या फळीत त्याला सपोर्ट ड्युटी (पुढे जाऊन साथ देण्याचं काम) देऊ नका. तो चेंडूमागे धावत जागा सोडतो आणि प्रतिस्पर्ध्याचा दुसरा पास थेट तुमच्या सेंटर-बॅकपुढे पडतो. डिफेंड ड्युटी (मागे राहून बचाव) द्या, नाहीतर साधा सेंट्रल मिडफिल्डर डिफेंडवर ठेवा, तो जागा धरून राहतो. ॲग्रेशन १६ आणि टॅकलिंग ९ असा मेळ असेल तर वैयक्तिक सूचनांत टॅकल सौम्य करा. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी, ३७ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन सामन्यांची.

डेटाबद्दल एक गोष्ट माहीत नसेल तर फसगत होते. क्षमता (आजची) आणि शक्यता (पुढे गाठता येईल ती) या दोन छुप्या आकड्यांची मोजपट्टी २०० पर्यंत आहे. तरुण खेळाडूंची शक्यता अनेकदा ठाम आकड्याऐवजी एका पट्ट्यात दिलेली असते आणि कमी माहितीच्या खेळाडूंचे बरेच गुण रिकामे सोडलेले असतात. सेव्ह सुरू होताना गेम ते स्वतः भरतो. त्यामुळे इंटरनेटवर कोणीतरी ‘घानाचा हा हिरा उचला’ म्हणून सांगितलेला मुलगा तुमच्या सेव्हमध्ये अगदीच सामान्य निघू शकतो. मोठ्या लीगच्या नामांकित खेळाडूंत हा फरक फारसा जाणवत नाही, खालच्या स्तरावर तो पदोपदी जाणवतो. स्काउटचा अहवाल ‘९–१४’ असा पट्टा दाखवत असेल तर सही करू नका. ट्रायलला बोलवा, किंवा अहवाल पूर्ण होईपर्यंत थांबा. दुखापतीची प्रवृत्ती आणि सातत्य हे छुपे गुण आहेत. त्यांचा सुगावा अहवालातल्या शब्दांतूनच लागतो, म्हणून फक्त तारे पाहून पान उलटू नका.

करार करताना आठवड्याचा पगार कमी ठेवून सामन्यामागे मानधन वाढवा. मुलगा जखमी झाला तर तेवढाच खर्च वाचतो. ‘सर्वाधिक पगारदाराइतका पगार’ हे कलम एजंट हमखास पुढे सरकवतो. ते पहिल्या फेरीतच काढा, नाहीतर पुढच्या मोसमात एका अनुभवी स्ट्रायकरला घेतलं की दोघांचे पगार वाढतात. एका वर्षाची मुदतवाढ क्लबच्या मर्जीवर ठेवणारं कलम मात्र जरूर मागा. विकताना पुढच्या विक्रीतला हिस्सा ठेवा. मुलगा चॅम्पियनशिपला गेला आणि तिथून वर सरकला तर खरा पैसा तिथूनच येतो.

मुलाची वाढ हा भाग चोख आहे. १८-१९ च्या पुढे प्रशिक्षण मैदानापेक्षा खऱ्या सामन्यांतली मिनिटं जास्त काम करतात, म्हणून बाकावर बसवण्यापेक्षा नॅशनल लीगच्या क्लबला लोनवर द्या आणि करारात त्याची खेळण्याची भूमिका लिहून घ्या. ते न लिहिता पाठवलं तर मुलगा तिथेही बाकावरच बसतो आणि परतताना नाराज असतो. मेंटरिंग गटात, म्हणजे अनुभवी खेळाडूंकडून तरुणांनी शिकायच्या गटात, एखादा तिशीतला व्यावसायिक वृत्तीचा खेळाडू असू द्या. तोच आळशी असेल तर गट न केलेला बरा.

मैदानावर मात्र गेम लंगडतो. खेळपट्टीची अवस्था मोसमभर खालावते आणि हवामानाचाही परिणाम होतो, पण तो पडद्यावर पुरेसा दिसत नाही. जानेवारीतल्या लीग टूच्या सामन्यात चेंडू हवेत जास्त असतो, टक्करीनंतर सुटलेल्या चेंडूसाठी झुंबड उडते, लांब थ्रो-इन म्हणजे अर्धा कॉर्नरच. या आवृत्तीत पोझिशनल प्लेवर (ठरलेल्या जागा धरून पास करत खेळण्यावर) भर दिल्यामुळे चौथ्या स्तरावरचे संघही नको तितके नीटस पास करतात. त्यात ताकदीने झगडणाऱ्या मिडफिल्डरची किंमत कमी होते. सेट-पीसची (कॉर्नर, फ्री किक वगैरेंची) नवी रचना चांगली आहे. आधीच्या आवृत्तीपेक्षा कितीतरी कमी क्लिकमध्ये काम होतं आणि लीग टूत वर्षभराचे पाच-सहा गुण तिथेच मिळतात. पत्रकार परिषदा तशाच कंटाळवाण्या, त्या सहायकाकडे सोपवा.

घानाची लीगही हवी असेल तर चाहत्यांनी बनवलेल्या फाइली घालता येतात, स्टीमवरचा प्री-गेम एडिटरही फुकट आहे. मात्र फाइल नवी सेव्ह सुरू करतानाच लागू होते, चालू सेव्हमध्ये नाही. दोन वेगवेगळ्या निर्मात्यांच्या फाइली एकाच लीगला हात लावत असतील तर एकच ठेवा, नाहीतर स्पर्धेचे नियम कोलमडतात.

२०२५ ची आवृत्ती रद्द झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २०२६ च्या आवृत्तीत युनिटी इंजिन, महिला फुटबॉल आणि चेंडू असताना-नसताना वेगळ्या भूमिका आल्या. मिडफिल्डरसाठी ही शेवटची सोय फार उपयोगी : चेंडू गेला की होल्डिंग, आला की पुढे. पण नवी मांडणी अनेकांना रुचली नाही आणि नाराजी निराधार नव्हती. लीग टूत रोज दहा-पंधरा पडदे उघडावे लागतात, तिथे प्रत्येक जादा क्लिक टोचतो. २०२४ ची आवृत्ती आधीच असेल तर या कामासाठी तीच ठेवा. कोरी सुरुवात करणाऱ्याने २०२६ घ्यायला हरकत नाही, फक्त पहिला मोसम नॅशनल लीगमध्ये खेळून पडदे हाताखाली घालावेत आणि मगच लीग टूचा क्लब घ्यावा.