भरताच्या वांग्यावर हंगामभर निंबोळी अर्क मारला, काय चाललं काय नाही

वांग्याची रोपं लावल्यापासून हिवाळ्यातल्या तोड्यापर्यंत मुख्य फवारा निंबोळीचाच ठेवला होता. आपल्या जळगाव भागात याबद्दल दोनच मतं ऐकू येतात, एक तर "सगळं यातच भागतं" नाहीतर "काही कामाचं नाही भो, नुसतं कडू पाणी".

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर चांगलं चालतं. पण सकाळी उठून मेलेले किडे शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, पटकन मारत नाही, किडीचं खाणं कमी होतं, पिल्लांना नीट कात टाकता येत नाही आणि पुढची पिढी घटते. म्हणून पानं उलटी करून पिल्लं बघायची, नवीन शेंडा कसा निघतोय ते बघायचं. झाड हलवलं की माशीचा थवा उठतोय इतकं वाढल्यावर मात्र एकट्या निंबोळीचं काम नाही, सुरुवात आधीच पाहिजे.

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत घुसली की हा अर्क तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिथं वाळलेले शेंडे खुडून, किडकी फळं वेचून लांब पुरायची आणि कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावायचे, हे चुकत नाही. (हे काम मजुराला सांगून होत नाही, स्वतःच फिरावं लागतं.)

घरचा अर्क म्हणजे 5 टक्क्यांचा, 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, 200 ग्रॅम कपड्याचा साबणचुरा विरघळवून टाकायचा आणि सगळं मिळून 100 लिटर करायचं. स्वस्त आहे पण गाळण्यात आळस केला की पंपाचं नोझल चोंदलंच समजा. आणि त्याच दिवशी मारून संपवायचा.

तयार निंबोळी औषधाची बाटली घेताना नुसती किंमत बघू नका, पीपीएम बघा, म्हणजे त्यात अझाडिरॅक्टिन किती आहे तो आकडा. 300, 1500, 10000 अशा वेगवेगळ्या मिळतात, 1500 वालं लिटर पाण्याला 5 मिली लागतं, जास्त पीपीएमवालं त्याहून कमी, म्हणजे स्वस्त बाटली कधीकधी महागच पडते. एका दुकानात तर मला पीपीएम छापलेलंच नसलेली बाटली दाखवली, परत ठेवून दिली.

फवारा संध्याकाळीच, उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं आणि आपलं ऑक्टोबरचं ऊन तर माहितीच आहे. पानाच्या खालच्या बाजूनं मारा. पुढच्या वर्षीही हेच ठेवणार, फक्त निंबोळ्या पावसात भिजायच्या आत वेचून सावलीत वाळवायच्या, बुरशी लागलेल्या फुकट मिळाल्या तरी नको.