कालव्याचा सेवारस्ता आणि जांबुघोड्याचं जंगल: ग्रॅव्हल सायकल वापरानंतरचा अनुभव

वडोदऱ्यात ग्रॅव्हल सायकल (खडी-मुरमाच्या वाटांवर चालणारी, रुंद टायरची सायकल) घ्यायची तर पैसे कशावर घालायचे? हिवाळा, कडक उन्हाळा आणि पावसाळा असं तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर उत्तर ठाम आहे. फ्रेम आणि गिअर मधल्या दर्जाचे चालतील. टायर, सीलंट (टायरमधली भोकं आपोआप बुजवणारा द्रव) आणि बसण्याची मापं यांत मात्र काटकसर करू नका. इथल्या वाटांवर राइड बिघडते ती जवळजवळ नेहमी याच तीन गोष्टींमुळे.

सायकल अशी: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो जीआरएक्स ४०० चा १० स्पीड सेट, पुढे ४६-३० दाती, मागे ११-३४, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ७०० × ४० चे (४० मिलिमीटर रुंद) ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर. चालवणाऱ्याचं वजन ७२ किलो. खाली दिलेली हवेची मापं या वजनाची आहेत.

आधी रस्त्याबद्दल. नर्मदेचा मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या काठाने देखभालीचा सेवारस्ता जातो. कुठे मुरूम, कुठे खडी, कुठे जुनं उखडलेलं डांबर. ट्रक आणि बस नाहीत, हे खरं सुख. पण बाइकवाले, ट्रॅक्टर आणि तपासणीची जीप येते, त्यामुळे दोन्ही कानांत इअरफोन नकोत. रस्ता कालवा सांभाळणाऱ्या नर्मदा निगमच्या कामासाठी आहे. मनाईची पाटी किंवा बंद फाटक दिसलं तर वाद न घालता मागे फिरावं.

कालव्याचा उतार अतिशय मंद असतो, म्हणून सेवारस्ताही सपाट. हे ऐकायला सोपं वाटतं, पण शरीराला तेच जड जातं. चढ नाही म्हणून उभं राहणं नाही, उतार नाही म्हणून पाय थांबवणं नाही. तास-दोन तास एकाच जागी बसून सतत पेडल मारायचं. तळहाताच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीला मुंग्या येतात, त्या यामुळे. उपाय साधे आहेत. सीटची उंची रोड सायकलपेक्षा ३ ते ५ मिलिमीटर कमी ठेवा, सीटचं नाक पुढे झुकलेलं नसावं (झुकलं की सगळा भार हातांवर येतो), हँडलवर जाड टेप घ्या आणि दर दहा मिनिटांनी हाताची पकड बदलून वीसेक पेडल उभं राहून मारा. एवढं करूनही हात बधिर होत असतील तर स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) १० मिलिमीटर आखूड घेऊन बघा. नवा कार्बन हँडलबार ही त्यानंतरची गोष्ट.

वाऱ्याला बांधावर आडोसा नसतो. जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर, हा क्रम उन्हाळ्यात मोडू नये. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत घरी. वाटेत दुकान नाही, म्हणून पाणी घरूनच, तासाला किमान ७५० मिलिलिटर. बाटलीच्या तोंडावर पिठासारखी धूळ बसते, झाकणाचीच बाटली घ्या. आणि बाटली भरायला किंवा तोंड धुवायला कालव्यात कधीही उतरू नका. तोंडाशी या कालव्याची क्षमता सेकंदाला १,१३३ घनमीटर आहे. पाणी शांत दिसतं, पण वाहतं असतं. काँक्रीटच्या तिरक्या अस्तरावर शेवाळ असतं आणि वर यायला धरायला काही नसतं. पट्टीचा पोहणाराही तिथून सहज बाहेर येत नाही.

आता टायर. कालव्याकाठी विलायती बाभूळ माजलेली आहे, आपले गुजराती शेजारी जिला गांडो बावळ म्हणतात ती. झुडपं छाटली की काटेरी फांद्या रस्त्यावरच पडून राहतात. हा काटा ४० च्या टायरमधून सरळ आत जातो. हिवाळ्यात त्यात गोखरूची भर. साध्या ट्यूबवर इथे फिरणं म्हणजे दर राइडला पंक्चर, त्यामुळे ट्यूबलेसला पर्याय नाही. पण ट्यूबलेस नीट बसवलेलं असेल तरच.

बसवताना रिमची आतली रुंदी मोजा आणि स्पोकची भोकं झाकणारा रिमचा टेप त्याहून २ ते ४ मिलिमीटर रुंद घ्या. रिम स्पिरिटने पुसून कोरडी करा, व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने टेप सुरू करून ताणून लावा, शेवटी १० सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. व्हॉल्वचं भोक ब्लेडने कापू नका, तापवलेल्या सुईने पाडा. ब्लेडच्या चिरेपासून टेप पुढे फाटत जातो आणि मग स्पोकच्या भोकांतून हवा जात राहते. दुकानात बसवून घेतलेल्या चाकात दोषाची पहिली जागा हीच असते. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्वचा गाभा (आतला फिरवून निघणारा भाग) काढून कॉम्प्रेसरने हवा भरा. टायर रिमवर चढल्याचे दोन ठळक आवाज ऐकू आले की मग सीलंट.

सीलंट दर चाकाला ७५ ते ९० मिलिलिटर. डब्यावर दोन-चार महिन्यांचं आयुष्य लिहिलेलं असतं, पण चाळीसच्या वरच्या पाऱ्यात आणि तापलेल्या पार्किंगमध्ये ते महिन्या-दीड महिन्यात आटतं. तपासायचं असं: व्हॉल्व वर ठेवून चाक पंधरा मिनिटं उभं राहू द्या, हवा सोडून गाभा काढा, मग व्हॉल्व खाली आणून बारीक प्लॅस्टिकचा झिपटाय आत घाला. टोक ओलं आलं तर ठीक. कोरडं आलं किंवा रबराचे गोळे लागले तर ४० मिलिलिटर भर घाला. हवा भरताना व्हॉल्व तळाशी नको, नाहीतर गाभ्यात सीलंट जाऊन तो चिकटतो. सुटा गाभा खिशात असावाच.

काटा दिसला की उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. पांढरा थेंब येतो, बुडबुडतो आणि बसतो. भोक ३ मिलिमीटरच्या वर असेल तर रबरी प्लग. खडीच्या धारेने टायरची बाजूच चिरली तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालावी लागते, आणि इथे बरेच जण फसतात. ट्यूबलेस टायरमध्ये आधीचे अनेक काटे मोडून अडकलेले असतात, सीलंटने झाकलेले. ते न काढता ट्यूब घातली की पहिल्या शंभर मीटरमध्ये ती फुटते. आतून जुनं सुती फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका. हवा भरायच्या छोट्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरने काही लॅटेक्स सीलंटचे गोळे होतात, म्हणून हातपंपच न्यावा.

हवा मुरमावर पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). मोठी खडी असेल तर दोन्हीकडे २ वाढवा, नाहीतर रिमला ठोकर बसते.

पावसाळ्यात मुरमाचा बांध एका उन्हात वाळतो. खालच्या शेतवाटांची काळी माती मात्र टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरून चाक जाम करते आणि रंग खरवडते. तिथे दोन-तीन दिवस कडक ऊन पडेपर्यंत जाऊच नये, बैलगाडीची वाटही खराब होते. चेनला तेलाऐवजी मेण लावल्यापासून धुळीचा काळा लगदा बसत नाही, पण ओल्या राइडनंतर मेण पुन्हा लावावं लागतं. ब्रेक पॅड कालव्यावर फारसे झिजत नाहीत. ०.५ मिलिमीटर उरले की बदला.

जांबुघोड्यात सगळा हिशेब बदलतो. १९९० पासूनचं हे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, साग, महुडा (मोह), बांबू आणि चढउतार. वनखात्याची परवानगी घेऊनच जावं. इथे ३०-३४ चा सर्वांत हलका गिअरही सुट्या दगडांच्या चढावर कमी पडतो. मागे ११-३६ टाकून घ्या, हा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढं पेलतो, चेनची लांबी मात्र पुन्हा तपासा. हवा पुढे-मागे ३-४ पीएसआयने कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची ताटाएवढी पानं वाटेवर पडतात. खाली दगड आहे की खड्डा, दिसत नाही, म्हणून वळणावर ब्रेक वळणाआधीच. पानाचा देठ डिरेलरच्या छोट्या चाकांत अडकून करकर आवाज येतो. तेव्हा जोर लावून पेडल मारू नका, उतरून उलटं फिरवून देठ काढा. जोराने हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकतो, म्हणून आपल्या फ्रेमचा सुटा हँगर सोबत ठेवा. तो परवा मिळेल, पण जवळच्या बोडेली गावात आज मिळणार नाही.

मार्च-एप्रिलमध्ये महुडा फुलतो. फुलं वेचायला गावकरी पहाटे झाडाखाली असतात आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. त्या दिवसांत ऊन नीट वर आल्यावरच जंगलात शिरा, वळणांवर घंटी वाजवत राहा आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी डांबरी रस्त्यावर या.