घर मुलांच्या नावावर आत्ताच करावं, की मृत्युपत्रात लिहावं?

साठी ओलांडली की हा विषय घरात निघतोच, आणि बहुतेक वेळा "एकदाची कटकट मिटली" म्हणून कल बक्षीसपत्राकडे, म्हणजे हयातीतच मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून देणाऱ्या कागदाकडे झुकतो. माझं मत आधीच सांगतो. राहत्या घरासाठी मृत्युपत्र करावं. बक्षीसपत्र अशाच मालमत्तेचं करावं, जी उद्या हातची गेली तरी तुमच्या छपराला आणि औषधपाण्याला धक्का लागणार नाही. (हे सगळं हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांना धरून लिहिलं आहे. मुस्लिम कुटुंबांत वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.)

खरा फरक मालकी कधी जाते, यात आहे. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं, मुलाने ते स्वीकारलं, की घर त्याचं झालं. त्यानंतर मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही; १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा याबाबत कडक आहे. फसवणूक, जबरदस्ती अशी कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. मृत्युपत्र मात्र तुम्ही जिवंत असेपर्यंत कोणालाच काही देत नाही. घर विका, गहाण ठेवा, मृत्युपत्र फाडून नवं करा, सगळं तुमच्या हातात राहतं.

हा फरक किती खोल जातो, ते पाहा. वडिलांनी फ्लॅट मुलाला बक्षीस दिला आणि दुर्दैवाने मुलगा वडिलांच्या आधी गेला, मृत्युपत्र न करता. आता वारस कोण? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गात त्याची बायको, मुलं आणि आई येतात. वडील त्या वर्गात नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर हप्ते फेडून घर घेतलं, त्याचाच त्या घरात हिस्सा उरत नाही. मुलाचा धंदा बुडाला आणि देणेकऱ्यांनी जप्ती आणली, तर त्या जप्तीतही तेच घर सापडतं. मुलगा वाईट आहे असं यात कुठेच नाही. आयुष्य बदलतं, आणि बक्षीसपत्राला त्याबरोबर बदलता येत नाही.

तरीही बक्षीसपत्र करायचंच असेल, तर त्यात दोन वाक्यं असल्याशिवाय सही करू नका ("लिहून देणार" म्हणजे घर देणारा, "लिहून घेणार" म्हणजे ते घेणारा): "लिहून घेणार हे लिहून देणार यांचा आयुष्यभर सांभाळ करतील" आणि "लिहून देणार यांना सदर घरात राहण्याचा तहहयात हक्क राहील". पहिल्या वाक्यामुळे २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ लागू होतं. सांभाळ झाला नाही तर निर्वाह न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. ही अट लेखी नसेल तर दाद मागणं फार अवघड होऊन बसतं. "पोटच्या पोराला अट कशाला घालायची" असा संकोच अनेकांना होतो. तो समजण्यासारखा आहे, पण बाजूला ठेवावा.

बक्षीसपत्राच्या जमेच्या बाजूही मोठ्या आहेत. देणारा स्वतः हयात असताना सगळं पार पडतं, त्यामुळे मागाहून भाऊबंदकीला जागा कमी उरते. भाऊ पुढे मुलीला काही मिळू देणार नाहीत, अशी धास्ती असेल तर तिच्या नावावर दुसरा फ्लॅट आजच करणं मला योग्य वाटतं. महाराष्ट्रात पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना निवासी घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, फक्त दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. त्याचा कच्चा दुवा तुमच्या मागे उघडा पडतो: "त्यांची मनःस्थिती ठीक नव्हती", "दबाव होता". म्हणून सक्तीची नसली तरी नोंदणी करा, त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा आणि साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. ज्याला घर मिळणार त्यानेच वकील आणला, मजकूर सांगितला, साक्षीदार जमवले, तर कोर्ट संशयाने बघतं. त्या मुलाला त्या दिवशी घरीच राहू द्या.

काहीच न करणं हाही एक पर्याय समजला जातो, "नॉमिनी लावलाय ना" म्हणून. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हेच स्पष्ट केलं, आणि गृहनिर्माण सोसायटीत खरे वारस कोण हे ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद असतो. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, पण ती मृत्युपत्राची जागा घेत नाही.

मूल नसलेल्या स्त्रियांनी तर थांबूच नये. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट, नवरा आधीच गेलेला, मृत्युपत्र नाही. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५नुसार तो फ्लॅट आधी नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दिरा-नणंदांकडेही जाऊ शकतो, तिची आई हयात असली तरी. दोन साक्षीदारांसमोर केलेल्या एका सहीने हे टळतं.

लग्न, घटस्फोट, नातवंडाचा जन्म, कोणाचा मृत्यू, यातलं काहीही झालं की कागद पुन्हा काढून वाचा. हिंदूंचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तींचं होतं. घटस्फोट झाला म्हणून मृत्युपत्रातलं नाव आपोआप गळत नाही. भविष्य निर्वाह निधीचं लग्नाआधीचं नामांकन लग्नानंतर बाद होतं, ते नव्याने भरावं लागतं.

घरात बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल असेल तर हे दोन्ही कागद अपुरे पडतात. त्याच्या नावावर थेट घर किंवा रक्कम करू नका, कारण ती सांभाळायची कोणी हे ठरलेलं नसतं. त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट करावा, मृत्युपत्रातून मालमत्ता त्या ट्रस्टकडे वळवावी, आणि राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकाची नेमणूक तुम्ही धडधाकट असतानाच करून घ्यावी. यासाठी वकिलाची फी देताना हात आखडता घेऊ नका.