पंधरा दिवसांचा रेल्वे पास दोन महिने वापरून: आल्प्समधल्या गाड्यांचा हिशेब

मुलगा म्युनिकला असतो. एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो आणि जुलैच्या सुरुवातीला परत आलो. मधले दोन महिने आमच्या फोनमध्ये युरेलचा पास होता. दोन महिन्यांत कुठलेही १५ दिवस, सेकंड क्लास. मी बासष्टची, हे सहासष्टचे, त्यामुळे साठीवरची १० टक्के सवलत मिळाली. परत येऊन पाच महिने झाले. डोंबिवलीत ओळखीच्या चार घरांतून तरी "घेऊ का गं तो पास?" असा फोन येऊन गेला. दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी नावांचा घोळ. युरोपाबाहेर राहणाऱ्यांचा तो युरेल, तिथे राहणाऱ्यांचा तो इंटररेल. दोन्ही ३३ देशांत चालतात. फरक एवढाच, की मुलाने इंटररेल काढला तर जर्मनीत, म्हणजे तो राहतो त्या देशात, त्याला दोनच प्रवास मिळतात: एक बाहेर पडायचा, एक घरी यायचा. आपल्याला ती अट नाही. टॅक्स भरतो मी आणि फिरते आई, असं तो सुनेला म्हणाल्याचं ऐकलं.

आता मुद्द्याचं. पास म्हटला की आपल्याला लोकलचा मासिक पास आठवतो. एकदा काढला की महिनाभर डोक्याला ताप नाही. हा तसा नाही. इथे दिवस खर्च होतो. सकाळी फोनवर त्या दिवसाचा प्रवास 'चालू' केला की रात्री १२ पर्यंत कितीही गाड्या बदला, तो एकच दिवस. एक तास बसलात तरी एक दिवस आणि दहा तास बसलात तरी एकच. रात्रीची थेट गाडी असेल तर फक्त चढायचा दिवस मोजतात.

हे कळायला आमचा पहिला दिवस गेला. साल्झबुर्ग म्युनिकपासून दोन तासांच्या आत. सकाळी उठले, हौसेने दोघांचे दिवस चालू केले, डबा भरला. मुलगा दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, "आई, साल्झबुर्गला बायर्न तिकिटावर जातात." हे बायर्न राज्याचं दिवसाचं तिकीट, पाचजणांपर्यंत एकत्र निघतं, साध्या गाड्यांना चालतं (कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर) आणि सीमेपलीकडच्या साल्झबुर्गपर्यंतही चालतं. पासचा चालू केलेला दिवस रद्द करायचा तर आदल्या रात्री १२ च्या आत. म्हणजे दोघांचा एकेक दिवस पाण्यात. वर पासपोर्ट घरी विसरलो होतो. येताना सीमेवर पोलीस डब्यात चढले. ऑस्ट्रियाहून येणाऱ्या गाड्यांत जर्मनी तपासणी करते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. फोनमधला व्हिसाचा फोटो, म्हातारी माणसं आणि माझा रडवेला चेहरा यावर सुटलो. तेव्हापासून पासपोर्ट ब्लाउजच्या आतल्या पाकिटात.

मुलाने एक्सेल केलं होतं, मी वही केली. त्याच्या एक्सेलमध्ये अकरा शहरं होती. माझ्या वहीत प्रत्येक पानावर वर तारीख, खाली 'रात्र कुठे' आणि त्याखाली 'दिवस खर्च: हो / नाही' एवढंच. हे तिसरं लिहायला लागले आणि अकराची सहा शहरं झाली. ज्या दिवशी चार तासांहून कमी प्रवास, त्या दिवशी पास बंद ठेवून साधं तिकीट. इन्सब्रुक-म्युनिक पावणेदोन तास, तिकीट काढलं. कुठल्या देशात किती रात्री हे मोजून ठेवल्याचा व्हिसालाही उपयोग झाला. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. आमचा जर्मनीकडे गेला आणि स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली सगळं त्यातच आलं.

दुसरा धडा माझ्या मते दिवसांच्या हिशेबापेक्षाही मोठा आहे, आणि कुठल्याही ट्रॅव्हल एजंटने आम्हाला तो सांगितला नाही. वेळापत्रकाचं अ‍ॅप सगळ्यात वेगवान गाडी वर दाखवतं. आल्प्समध्ये वेगवान म्हणजे बोगदा. मिलानोहून झुरिककडे जायचं म्हटलं की अ‍ॅप गोटहार्डच्या नव्या बोगद्यातून नेतं. तो ५७ किलोमीटरचा, २०१६ साली सुरू झालेला. वीसेक मिनिटं काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसायचं. डोंगर बघायला गेलो आणि डोंगराच्या पोटातून निघालो, असं होतं. त्याच डोंगरावरून १८८२ चा जुना मार्ग अजून चालू आहे. त्यावर साधी गाडी धावते, रिझर्वेशन लागत नाही, पास चालतो. फक्त अ‍ॅपमध्ये 'व्हाया' टाकावं लागतं. आम्ही 'व्हाया गोशेनेन' (हे जुन्या मार्गावरचं स्टेशन) टाकलं. मिलानोहून लुगानोकडे जाणारी साधी गाडी घेतली, पुढे बेलिंझोनाला बदलली. वासेन नावाचं गाव येतं, तिथलं पांढरं चर्च तीनदा दिसतं. आम्ही वरून उतरत होतो, म्हणून आधी पायाशी, मग समोर, मग डोक्यावर. गाडी डोंगरात गोल फिरून वेगवेगळ्या उंचीवर बाहेर पडते म्हणून. तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा यांनी हात जोडले. मी म्हटलं, चर्च आहे ते. म्हणाले, असू दे, तीनदा दर्शन दिलं.

या मार्गाला वेळ दीड-एक तास जास्त लागला, पण पासवर हळू गाडीला वेगळे पैसे पडत नाहीत. उलट झुरिक-मिलानो थेट गाडीला सीमा ओलांडताना पासधारकालाही आरक्षण सक्तीचं, आणि त्याचे पैसे वेगळे. इटलीतल्या वेगवान गाड्यांचंही तेच. म्हणजे हळू जाऊन पैसे वाचतात, असा उलटा बाजार आहे.

बेर्निनाचं, म्हणजे स्वित्झर्लंडमधून इटलीतल्या तिरानोला उतरणाऱ्या डोंगरी रेल्वेचं, तसंच. इथल्या एजंटने मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाडीचाच आग्रह धरला होता. तिला पास असला तरी सीट आरक्षित करावी लागते. त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्या दिवसभर धावतात, आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या चक्क खाली सरकतात. आम्ही कूरला मुक्काम केला (झुरिकच्या हॉटेलांचे दर बघून दुसरं काही सुचलं नाही), तिथून साध्या गाडीने सांक्ट मोरित्स, तिथे बदलून तिरानो. उजवीकडे बसा. सांक्ट मोरित्सच्या आधी लांडवासरचा पूल येतो, ६५ मीटर उंच, एकाच मोठ्या वळणात वळलेला, आणि संपतो तो सरळ कड्यातल्या बोगद्याच्या तोंडात. पुढे ओस्पित्झिओ बेर्निना, २२५३ मीटर. मेचा दुसरा आठवडा होता आणि लागो बिआंको तळं पांढरंफेक गोठलेलं. त्याच्या शेजारीच दुसरं एक काळं तळं आहे. पांढऱ्याचं पाणी एड्रियाटिक समुद्राला, काळ्याचं डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. खंडाळ्याला उल्हासचं पाणी पश्चिमेला जातं आणि इंद्रायणीचं पूर्वेला, तोच प्रकार, फक्त इथे दोन्ही एका नजरेत मावतात.

हे मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. कर्जत घाटातली चढण ३७ ला १, मागे बँकर (मागून ढकलणारं इंजिन) लागतो, हे त्यांना झोपेतही पाठ. बेर्निनाची चढण हजाराला ७०, म्हणजे १४ ला १, आणि रुळांमध्ये दातेरी पट्टी नाही, नुसती चाकं. हे त्यांनी तीन वेळा टीसीला विचारून खात्री केली. टीसी बिचारा दर वेळी हसून 'नो कॉग, नो कॉग' म्हणायचा. उतरताना दीड तासात बर्फातून द्राक्षांच्या मळ्यात येतो. शेवटी ब्रुसिओला गाडी उघड्यावर दगडी कमानींचा गोल घेऊन स्वतःच्याच पुलाखालून जाते. मी व्हिडिओ काढत होते, त्यात माझं बोट आलंय.

झुरिक ते इन्सब्रुक हा आर्लबर्गचा मार्ग (१८८४). त्यावर बुक्स नावाचं स्टेशन लागतं. तिथे गाडी थांबली आणि उलट्या दिशेने निघाली. माझ्या पोटात गोळा आला. डबा चुकला, परत झुरिकला चाललो, असं वाटून मी बॅग खाली ओढली. हे शांत. "अगं, दौंडला नाही का पूर्वी इंजिन फिरवायचे!" इथे इंजिनसुद्धा फिरवत नाहीत, ड्रायव्हर नुसता दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. पुढची काही मिनिटं गाडी लिख्टनश्टाइन देशातून जाते, थांबत नाही. पण तो देश आमच्या यादीत धरलाय, कुणी काही म्हणा.

व्हिएन्नाहून ग्राझला जाताना झेमरिंगचा घाट. १८५४ मध्ये पूर्ण झाला, कार्ल फॉन गेगा नावाच्या इंजिनियरने बांधला. बांधकाम सुरू झालं तेव्हा एवढी चढण चढणारं इंजिनच नव्हतं, १८५१ मध्ये त्यासाठी स्पर्धा ठेवावी लागली. आता ही वारसास्थळ म्हणून जगभर गाजलेली लाइन, आणि खिडकीतून बघताना मला सारखा बोरघाट आठवत होता. तो १८६३ मध्ये सुरू झाला, नऊ वर्षांनी. २५ बोगदे, ४० हजारांवर मजूर, किती मेले त्याची नीट नोंद नाही. कंत्राटदार ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत गेला आणि काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने तडीस नेलं. झेमरिंगला फलाटावर गेगाचं स्मारक आहे. खंडाळ्याला अ‍ॅलिसबाईंचं काही बघितल्याचं मला तरी आठवत नाही. झेमरिंगखालीही आता नवा बोगदा बांधतायत, ऑस्ट्रिया-इटलीमधल्या ब्रेनर घाटाखालीही. जायचं असेल तर उघड्यावरचे घाट आहेत तोवर जा.

आता कुरबुरी. शहरातल्या ट्राम-बस पासात नाहीत. पहिल्या आठवड्यात यावर बरेच पैसे गेले. मग कळलं, काही गावांत हॉटेलात उतरलात की ते बसचं फुकट कार्ड देतात. लुत्सर्नला मिळालं, इन्सब्रुकला दोन रात्रींपासून पुढे मिळतं, बर्नलाही आहे. झुरिकला नाही. युंगफ्राउयोखसारख्या डोंगरावरच्या गाड्यांवर पास पूर्ण चालत नाही, फक्त सवलत मिळते, आणि सवलतीनंतरची रक्कमही रुपयांत करून बघू नये. आम्ही गेलो नाही. नुसता स्वित्झर्लंडच बघायचा असेल तर त्यांचा स्वतःचा स्विस ट्रॅव्हल पास बघा, त्यात ट्राम, बस, बोटी सगळं येतं. पण त्याचा साधा प्रकार सलग दिवसांचा (सुट्या दिवसांचा 'फ्लेक्स' वेगळा), त्यात मधे विश्रांती घेतली तर दिवस वाया. आमच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं.

फोनचं म्हणाल तर पास इंटरनेटशिवायही दाखवता येतो, पण तीन दिवसांतून एकदा तरी अ‍ॅपला नेट लागतं. दोघांचे पास एकाच फोनमध्ये ठेवता येतात. तसं करू नका. मिलानोच्या फलाटावर हे पाणी आणायला गेले तेव्हा दोन्ही पास यांच्या खिशात आणि गाडीत मी एकटी.

मिलानोहून निघायच्या दिवशीच संप. इटलीत संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक लोकल-प्रादेशिक गाड्या सोडतात. हॉटेलातल्या मुलीने आदल्या रात्री सांगितलं म्हणून पहाटे निघालो. त्या हॉटेलची बाकी खोली अशी होती, की बॅग उघडायला एकाने पलंगावर चढावं लागे.

सामान प्रत्येकी एकच, आपण स्वतः तीन पायऱ्या चढवू शकू एवढंच. हमाल नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये सहा मिनिटांत गाडी बदलता येते, समोरच्याच फलाटावर उभी असते. सीमा ओलांडणार असाल तर मधे पाऊण तास ठेवा, आणि दिवसाच्या शेवटच्या गाडीवर बेत कधीच आखू नका, शेवटून दुसरी धरा. रविवारी ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद, स्टेशनातली उघडी असतात. पाण्याला पैसे देऊ नका, झुरिकमध्ये पावलोपावली कारंजी आहेत. मेतकूट आणि भाजणी न्या, गरम पाणी कुठेही मिळतं.

पैसे वसूल झाले का? वहीत प्रत्येक दिवसासमोर मी त्या दिवसाच्या तिकिटाची किंमत लिहीत गेले होते. स्वित्झर्लंडच्या दिवसांनी भरपूर कमावलं, ऑस्ट्रियाचे कसेबसे बरोबरीत, कारण तिथे सहा-सहा महिने आधी स्वस्त तिकिटं मिळतात. साल्झबुर्ग तोट्यात. एकूण फायदा झाला, पण पुढच्या खेपेला मी १० दिवसांचाच घेईन. पंधरामधला एक दिवस शेवटी उरलाच. पासच्या शेवटच्या दिवशी सकाळी हे बूट घालून तयार, म्हणे नुसतं बुक्सपर्यंत जाऊन येऊ, गाडी उलटी फिरते ते सावकाश बघता येईल. मी मशीनमध्ये कपडे टाकले होते.