नवा बचावी सेंटर: दुसऱ्या फळीत की तिसऱ्या?

आमच्या शनिवार रात्रीच्या हौशी आइस हॉकी संघाच्या कॅप्टनचा परवा मेसेज आला: "नवीन सेंटर मिळालाय. गोल फारसे करत नाही, पण समोरच्यालाही करू देत नाही. दुसऱ्या फळीत टाकू की तिसऱ्या?" ज्या संघाला टोरंटोजवळच्या मिसिसागात रात्री पावणेअकराचा बर्फ मिळतो, त्याला हा प्रश्न पडावा याचं आधी हसू आलं. पण प्रश्न खरा आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले जनरल मॅनेजर याच्यापायी पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक (नवे तरुण खेळाडू निवडायचे हक्क) उधळतात आणि मग त्यांच्या कोचना झोप लागत नाही. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहितोय.

हॉकी म्हटल्यावर ज्यांना खडकी आणि धनराज पिल्ले आठवतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फावरच्या हॉकीत सामन्याला २० जण लागतात: १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन, २ गोली. फॉरवर्डच्या तिघातिघांच्या चार फळ्या, प्रत्येकीत मधे सेंटर आणि बाजूला दोन विंगर. एक फळी पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग करते आणि बाकावर परतते. फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक (रबरी चकती) जिंकणं, सेंटरकडे, आणि समोरचे चाल करून आले की आपल्या गोलीपर्यंत खाली उतरून डिफेन्समनला हात देणंही त्याच्याचकडे. बचावी सेंटर म्हणजे हे दुसरं काम मन लावून करणारा माणूस. कबड्डीतल्या कोपरारक्षकासारखा. टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळतात, पण मोक्याच्या वेळी घोटा यानेच धरलेला असतो.

आता चार उदाहरणं. त्यातली दोन एकाच खेळाडूची आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

सेंट लुइस, २०१८: दुसरी फळी, पण सगळ्यात जड ओझं

१ जुलै २०१८ रोजी सेंट लुइस ब्लूजनी बफेलो सेबर्सकडून रायन ओरायली घेतला. बदल्यात टेज थॉम्पसन, पॅट्रिक बर्गलंड, व्लादिमीर सोबोत्का, २०१९ची पहिल्या फेरीची निवड आणि २०२१ची दुसऱ्या फेरीची. किंमत थोडीथोडकी नव्हती. याच थॉम्पसनने पुढे २०२२-२३च्या मोसमात बफेलोसाठी ४७ गोल केले.

ब्लूजकडे ब्रेडन शेन होता, आक्रमक सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना जेडन श्वार्ट्झ आणि व्लादिमीर टारासेन्को. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, ही फळी एकत्र ठेवली. ओरायलीला वेगळी फळी दिली. उजवीकडे बहुतेकदा डेव्हिड पेरॉन, डावीकडे माणसं बदलत राहिली. समोरच्या संघाची सर्वोत्तम फळी बर्फावर उतरली की हा उतरणार. आपल्या गोलीशेजारी फेसऑफ असला की हाच. कागदावर याची फळी दुसरी म्हणा वा पहिली, घाम सगळ्यात जास्त हिचा.

फळ लगेच मिळालं का? अजिबात नाही. ३ जानेवारी २०१९च्या सकाळी ब्लूज ३१ संघांच्या लीगमध्ये तळाला होते. नोव्हेंबरात कोच माइक यो जाऊन क्रेग बेरूबी आला होता. जानेवारीत जॉर्डन बिनिंग्टन नावाचा नवखा गोली उभा राहिला आणि चित्र पालटलं. एवढ्या पडझडीत एक गोष्ट मात्र कोणी हलवली नाही: ओरायलीचं काम. तो त्या मोसमात ७७ गुणांवर गेला, २८ गोल आणि ४९ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास). जून २०१९ मध्ये सात सामन्यांच्या अंतिम लढतीतला निर्णायक सातवा सामना बोस्टनमध्ये होता. समोर पॅट्रिस बर्जरॉन, या कलेतला त्या काळचा सगळ्यात मोठा उस्ताद. त्यात खेळ थांबल्यावर शेवटची अदलाबदल करायचा हक्क यजमानांचा, म्हणजे कोणासमोर कोण हे बोस्टनच्या कोचच्या हातात. पहिला गोल ओरायलीचा: जे बॉमीस्टरचा लांबून आलेला फटका गोलसमोर उभं राहून नुसत्या काठीच्या टोकाने वळवलेला. ब्लूज ४-१ जिंकले. १९६७ पासून खेळणाऱ्या संघाचा पहिला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. ओरायलीला प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली, आणि सर्वोत्तम बचावी फॉरवर्डची सेल्की ट्रॉफीही.

लॉस एंजेलिस, २०२१: फळी तीच, ओझं वाटून

फिलिप दानोचं माँट्रियलमधलं शेवटचं वर्ष पाहिलं तर कोणी म्हणालं नसतं की याला दुसऱ्या फळीचा सेंटर करा. २०२०-२१ मध्ये ५३ सामन्यांत ५ गोल. पण प्लेऑफमध्ये त्याच्याकडे टोरंटोच्या ऑस्टन मॅथ्यूज आणि मिच मार्नरला अडवायचं काम होतं, आणि सात सामन्यांत त्या दोघांचा मिळून एक गोल झाला. ३-१ ने मागे असलेलं माँट्रियल ती मालिका जिंकलं आणि पुढे अंतिम फेरीत टॅम्पाकडून हरलं. मी लीफ्सवाला, म्हणजे टोरंटोचा चाहता, त्यामुळे दानोबद्दल लिहिताना अजून दाढ ठणकते.

त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस किंग्जनी त्याला ६ वर्षांसाठी ३.३ कोटी डॉलरचा करार दिला. त्यांच्याकडे आंझे कोपिटार होता, म्हणजे पहिल्या फळीतच सेल्की जिंकलेला माणूस. इथेच ब्लूजशी फरक पडतो. कोपिटार असल्यामुळे सगळी कठीण वेळ दानोच्या माथी आली नाही. एका रात्री एकाने समोरच्यांची पहिली फळी धरायची, दुसऱ्या रात्री दुसऱ्याने. शिवाय दानोच्या बाजूला ट्रेव्हर मूर आणि व्हिक्टर अर्विडसन दिले, दोघेही पकच्या मागे हात धुऊन लागणारे. मोकळीक मिळाल्यावर दानोने २७ गोल केले. त्याआधीचा त्याचा उच्चांक १३ होता.

गोडवा कायम राहिला नाही. किंग्ज प्लेऑफला पोचत राहिले आणि २०२२ ते २०२५ सलग चार वर्षं पहिल्याच फेरीत एडमंटनकडून हरत राहिले. मधल्या काळात क्विंटन बायफिल्ड तयार झाला, दानोची जागा आक्रसली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये एका दुसऱ्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात तो परत माँट्रियलला गेला. लांबलचक करार देताना मॅनेजर पहिली दोन वर्षं बघतो. उरलेली चार त्याच्या जागी येणाऱ्याने बघायची असतात.

आयलंडर्स, २०२०: सरळ तिसरी फळी

यात फार गुंतागुंत नाही. २४ फेब्रुवारी २०२० रोजी न्यूयॉर्क आयलंडर्सनी ऑटावाकडून झां-गॅब्रिएल पाझो घेतला आणि लगेच ६ वर्षांचा करार केला, वर्षाला ५० लाख डॉलर. ऑटावात त्याचे ६० सामन्यांत २४ गोल झाले होते, म्हणजे दुसऱ्या फळीवर हक्क सांगता आला असता. पण पहिला सेंटर मॅथ्यू बार्झल, दुसरा ब्रॉक नेल्सन, चौथा केसी सिझिकस, आणि भोक नेमकं तिसऱ्या जागी होतं. कोच बॅरी ट्रॉट्झने तिथेच त्याला बसवला. मग चारही फळ्या कोणासमोरही सोडता येऊ लागल्या. संघ १९९३ नंतर पहिल्यांदाच कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम फेरीत गेला, पुढच्या वर्षीही उपांत्य फेरीपर्यंत पोचला. दोन्ही वेळा टॅम्पाने अडवलं. २०२१चा सातवा सामना १-० असा गेला, आणि तो एकमेव गोल टॅम्पाच्या यानी गूर्डचा, तोही त्यांचा एक माणूस कमी असताना. गूर्ड टॅम्पाचा तिसऱ्या फळीचा सेंटर! तिसरी फळी म्हणजे दुय्यम, असं म्हणणाऱ्याला एवढा एक गोल दाखवावा.

टोरंटो, २०२३: नक्की कुठे?

आता तोच ओरायली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी टोरंटोने तीन संघांच्या व्यवहारात त्याला आणि नोएल अचारीला आणलं. हिशेब चोख होता: सेंट लुइसने पगाराचा निम्मा भाग आणि मिनेसोटाने पाव भाग उचलल्यामुळे ७५ लाख डॉलरचा माणूस टोरंटोच्या सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) जेमतेम १८ लाख ७५ हजारांना पडला. त्यासाठी पहिल्या फेरीची निवड गेली, दुसऱ्या फेरीची गेली, आणखीही बरंच गेलं.

पहिला सेंटर मॅथ्यूज, दुसरा जॉन टवारेस. कोच शेल्डन कीफने सुरुवातीला टवारेसला डाव्या विंगवर सरकवून मधे ओरायली ठेवला, उजवीकडे मार्नर. संघातला तिसराच सामना बफेलोमध्ये, म्हणजे ओरायलीच्या जुन्या घरी, आणि याची हॅटट्रिक. झालं, शहराने कपाची मिरवणूक मनातल्या मनात काढली. मार्चच्या सुरुवातीला त्याचं बोट मोडलं, महिनाभर बाहेर. परतला तेव्हा प्लेऑफ दारात. मग कधी टवारेसच्या शेजारी, कधी स्वतंत्र तिसरी फळी, अशी रोजची नवी मांडणी.

काम त्याने केलंच. टॅम्पाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात मिनिटभर उरलं असताना बरोबरीचा गोल त्याचा. ती मालिका लीफ्सनी सहा सामन्यांत जिंकली, २००४ नंतरची पहिलीच. पण पुढच्या फेरीत फ्लोरिडासमोर पाच सामने झाले आणि पाचही सामन्यांत टोरंटोचे गोल नेमके दोन. त्यातला एकच सामना जिंकता आला. टवारेसला विंगवर नेलं की दुसरी फळी भक्कम होते, पण तिसरी पोकळ होते. ओरायलीला तिसरीत नेलं की टवारेसला मधे स्वतःच्या पायांवर धावावं लागतं, आणि ते पाय तेव्हाच जड झाले होते. दोन्हीपैकी एक पत्करून गप्प बसायला हवं होतं, असं माझं मत. जुलैमध्ये ओरायली नॅशव्हिलला निघून गेला.

मग ठरवायचं कसं?

दुसऱ्या फळीत टाकलं तर याच्या बाजूला निदान एक खरा गोल करणारा विंगर द्यावा लागतो, म्हणजे तो दुसरीकडून काढावा लागतो. पेरॉन नसता तर ओरायलीचे ४९ असिस्ट जमले नसते. मोबदल्यात तुमचा आक्रमक सेंटर दुबळ्या फळ्यांसमोर मोकळा सुटतो. तिसऱ्या फळीत टाकलं तर काहीच मोडावं लागत नाही, फक्त त्याची मिनिटं कमी होतात. मोठा पगार घेणारा माणूस कमी मिनिटं खेळताना पाहून मालक कुरकुरतो, तेवढं सोसायचं.

माझा कौल असा: पहिल्या दोन सेंटरपैकी एकालाही बचाव जमत नसेल तर दुसरी फळी, बिनदिक्कत. एकाला जमत असेल तर दुसऱ्याचं वय आणि पाय बघा. दोघेही धड असतील तर तिसरी. आणि विंगवर सरकवायचा विचार सगळ्यात शेवटी, कारण मुरलेल्या सेंटरला विंगवर नेलं की तो सवयीने मधेच येऊन उभा राहतो आणि भिंतीजवळचा पक मोकळाच राहतो.

एक बारीकशी गोष्ट लोक विसरतात: काठी कोणत्या हाताची. डाव्या हाताच्या सेंटरला एका बाजूच्या वर्तुळातला फेसऑफ सोपा जातो, उजव्या हाताच्याला दुसऱ्या बाजूचा. मॅथ्यूज, टवारेस, ओरायली तिघेही डावे. पाझो उजवा. तुमचे सगळे सेंटर एकाच हाताचे असतील तर नवा माणूस दुसऱ्या हाताचा घेणं फायद्याचं.

आमच्या कॅप्टनला हे सगळं ऐकवल्यावर तो म्हणाला, "आपल्याकडे शनिवारी येतातच दहा जण. तिसरी फळी आणू कुठून?" मग ठरलं की नवा गडी दुसऱ्या फळीत, आणि त्याच्या उजवीकडे आमचा तो विंगर, जो निळ्या रेषेच्या मागे, आपल्या गोलच्या बाजूला, बचावाला परतायला मुळी तयारच नसतो. मी विचारलं, नवा कोणत्या हाताचा आहे? त्याने पाहिलेलंच नव्हतं.